एन्झाइम सुधारायचं, पण नेमकं कोणतं?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर सांगितला होता. विषय होता, एन्झाइममध्ये बदल करून शुद्ध एल-मिथिओनिन बनवणं. शेवटच्या स्लाइडवर मी मोठ्या आत्मविश्वासाने टीकाही केली होती: 'एवढी मेहनत करून एन्झाइमची निवडक्षमता जेमतेम २० टक्क्यांवर आली, म्हणजे काम अर्धवटच राहिलं.' मागच्या बाकावरून एका सीनियर दादाने शांतपणे विचारलं, "बरं, पण शेवटी मिथिओनिन किती मिळालं? आणि ते एल होतं की मिश्रण?" मला उत्तर देता आलं नाही. मी एन्झाइमचा आकडा वाचला होता. प्रक्रियेचा आकडा वाचलाच नव्हता.

तेव्हा ओशाळले आणि खाली बसले. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी काही शिकले नाही. पुढे स्वतःच्या कामात तीच चूक केली आणि त्यात आठ महिने घालवले. ते शेवटी सांगते. आधी विषय समजून घेऊ, कारण नेट-जेआरएफ झाल्यावर 'मला एन्झाइम इंजिनिअरिंग करायचंय' असं म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यांनी स्वतःला पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे सांगण्यासाठी ही पोस्ट आहे.

पिंपरी ते पाषाण

पुण्यात बसून शुद्ध अमिनो आम्लांबद्दल बोलायचं तर सुरुवात पिंपरीपासून करायला हवी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी तिथे १९५४ मध्ये स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत तिला होती. १९५५ मध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं.

पेनिसिलिन बुरशी बनवते. पण आज डॉक्टर लिहून देतात ती अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल अर्धी बुरशीची आणि अर्धी माणसाची असते. पेनिसिलिन जी घेतात, पेनिसिलिन अ‍ॅसायलेज नावाच्या एन्झाइमने त्याची एक बाजू कापून टाकतात आणि मधला गाभा वेगळा काढतात. या गाभ्याला ६-एपीए म्हणतात. मग त्याला नवी बाजू जोडतात. अँपिसिलिनसाठी ही नवी बाजू म्हणजे डी-फिनाइलग्लायसिन, आणि अमॉक्सिसिलिनसाठी डी-पॅरा-हायड्रॉक्सिफिनाइलग्लायसिन. दोन्ही अमिनो आम्लंच आहेत. नावातला 'डी' मात्र महत्त्वाचा आहे.

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, या दोन्ही अर्ध्यांशी संबंधित काम झालं आहे. गाभ्याच्या बाजूचं काम म्हणजे पेनिसिलिन अ‍ॅसायलेजवरचं. बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूतल्या पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजची त्रिमितीय रचना सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यॉर्क विद्यापीठातल्या गटासोबत १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या अर्ध्याचं, म्हणजे डी-अमिनो आम्लाकडे नेणाऱ्या एन्झाइमचं, कामही त्याच सुमाराचं आहे. एनसीएलच्या आवारात एनसीआयएम नावाचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यातल्या ५१०९ क्रमांकाच्या, खारट माध्यमात वाढणाऱ्या स्युडोमोनासपासून डी-हायडँटोइनेज हे एन्झाइम कसं मिळवायचं, यावरचा पेपर १९९८ चा आहे.

हायडँटोइनेज हा शब्द लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

डी आणि एल: डाव्या-उजव्या चपलेचा प्रश्न

ग्लायसिन सोडलं तर प्रथिनांतल्या प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपं असू शकतात, एल आणि डी. अणू तेच, जोडण्याही त्याच. पण डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलेसारखी एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. वितळणबिंदू सारखा, विद्राव्यता सारखी. साध्या एचपीएलसी कॉलमवर दोघं एकाच वेळी बाहेर येतात. त्यांना वेगळं ओळखायचं तर कायरल कॉलम लागतो.

परीक्षेसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. डी आणि एल ही नावं रचनेवरून आहेत. ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळतो की डावीकडे, त्यासाठी अधिक-उणे चिन्हं असतात. एल म्हणजे उणे, असं समीकरण डोक्यात असेल तर काढून टाका.

रसायनशास्त्राच्या साध्या मार्गाने अमिनो आम्ल बनवलं की दोन्ही रूपं निम्मी-निम्मी येतात. याला रेसेमिक मिश्रण म्हणतात. कधी त्याने काही बिघडत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात मिथिओनिन सर्रास डीएल मिश्रण म्हणूनच घालतात, कारण कोंबडीचं शरीर डी-रूपाचं एल-रूपात रूपांतर करून घेतं. पण शिरेतून द्यायच्या अमिनो आम्लांच्या द्रावणात शुद्ध एल-मिथिओनिनच हवं असतं. अमॉक्सिसिलिनला उलट डी-रूपच लागतं. थोडक्यात, 'शुद्ध' या शब्दाचा अर्थ कुणाला काय हवंय यावर ठरतो.

शुद्धता मोजायची पद्धतही इथेच समजून घेऊ, नाहीतर पुढचे आकडे चुकीचे वाचले जातील (माझे झाले होते तसे). एनान्शिओमेरिक एक्सेस, बोलण्यात 'ईई', म्हणजे दोन रूपांच्या टक्केवारीतला फरक. ७० टक्के डी आणि ३० टक्के एल असेल तर ईई ४० टक्के. ६० टक्के एल आणि ४० टक्के डी असेल तर ईई २० टक्के, एलच्या बाजूने. निम्मं-निम्मं असेल तर शून्य.

शुद्ध रूप मिळवायचे तीन मार्ग

पहिला मार्ग किण्वन, म्हणजे फर्मेंटेशन. १९५० च्या दशकात जपानमध्ये सापडलेला कोरायनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा जिवाणू साखर खाऊन ग्लुटामेट बाहेर टाकतो. त्याच्या सुधारित जाती लायसिन बनवतात. जिवंत पेशी एल-रूप बनवते, त्यामुळे शुद्धतेचा प्रश्न आपोआप सुटतो. पण पॅरा-हायड्रॉक्सिफिनाइलग्लायसिनसारखं डी-रूप हवं असेल तर हा मार्ग सरळ राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मिश्रण बनवायचं आणि एन्झाइमकडून निवड करून घ्यायची. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने १९६९ मध्ये अमिनोअ‍ॅसायलेज हे एन्झाइम घन आधारावर बसवून कारखान्यात वापरलं. एन्झाइम एका जागी बांधून ते पुन्हा पुन्हा वापरायचं, या कल्पनेचा हा पहिला औद्योगिक वापर मानला जातो. एन्झाइम फक्त एल-रूपाचा अ‍ॅसिल गट काढतं, डी-रूप तसंच राहतं. मग दोन्ही वेगळी करता येतात. पद्धत चांगली, पण तिला एक गणिती मर्यादा आहे. मिश्रणात एल निम्मंच असल्यामुळे एका फेरीत जास्तीत जास्त ५० टक्के माल मिळतो. उरलेलं डी-रूप वेगळं काढून, तापवून पुन्हा मिश्रण करायचं आणि परत फिरवायचं.

तिसरा मार्ग हायडँटोइनचा. इथे ५० टक्क्यांची भिंतच राहत नाही, म्हणून तो मला सगळ्यांत आवडतो.

हायडँटोइन म्हणजे पाच अणूंचं एक छोटं कडं. अल्डिहाइड, सायनाइड आणि अमोनियम कार्बोनेट यांच्यापासून ते स्वस्तात बनतं. कड्याच्या पाचव्या जागी हव्या त्या अमिनो आम्लाची बाजू लटकवता येते. मग तीन गोष्टी घडतात:

१. हायडँटोइनेज कडं उघडतं. तयार होतं एन-कार्बामॉइल अमिनो आम्ल. हा मधला टप्पा.

२. कार्बामॉइलेज हे दुसरं एन्झाइम त्यावरचा कार्बामॉइल गट काढतं. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, शुद्ध अमिनो आम्ल उरतं.

३. न वापरलेलं 'चुकीचं' हायडँटोइन स्वतःच उलटसुलट होत राहतं, म्हणजे डीचं एल आणि एलचं डी. कारण पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो आणि अल्कधर्मी द्रावणात सहज सुटतो. जिथे हे आपोआप वेगाने होत नाही तिथे हायडँटोइन रेसमेज नावाचं तिसरं एन्झाइम वापरतात.

तिसऱ्या गोष्टीमुळे सगळा कच्चा माल हळूहळू योग्य रूपात येतो. म्हणजे तत्त्वतः १०० टक्के माल एकाच भांड्यात.

एकच मार्ग, पण अडतं वेगवेगळ्या जागी

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. अमॉक्सिसिलिनसाठी लागणारं डी-रूप आणि शिरेतून द्यायचं एल-मिथिओनिन, दोन्ही याच मार्गाने बनवता येतात. पण दोघांची गाडी वेगवेगळ्या ठिकाणी अडते.

डी-पॅरा-हायड्रॉक्सिफिनाइलग्लायसिनचं पाहा. निसर्गातली बरीच हायडँटोइनेज डी-रूप पसंत करतात, म्हणजे पहिली पायरी आधीच आपल्या बाजूने. शिवाय या हायडँटोइनला बेंझिनचं कडं लागून असल्यामुळे पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन आणखी सैल होतो. उलटापालट आपोआप होते, रेसमेज लागत नाही. अडचण होती दुसऱ्या पायरीवर. सुरुवातीला कारखान्यात कार्बामॉइल गट नायट्रस आम्ल वापरून रासायनिक पद्धतीने काढत. त्यासाठी एन्झाइम वापरायचं तर डी-कार्बामॉइलेज नाजूक होतं. घन आधारावर बसवून पुन्हा पुन्हा वापरावं तर उष्णतेने लवकर मरायचं. म्हणून जपानच्या कानेका कंपनीतल्या संशोधकांनी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या डी-कार्बामॉइलेजमध्ये बदल केले. ५७, २०३ आणि २३६ या जागांवरचे बदल प्रत्येकी थोडीथोडी उष्णता-सहनशीलता वाढवत होते. तिन्ही एकत्र केल्यावर एन्झाइम चांगलंच टिकाऊ झालं.

इथे त्यांनी काय सुधारलं नाही, तेही बघा. निवडक्षमता त्यांच्या यादीत वर नव्हतीच. ती पुरेशी होती. कमी होता तो टिकाऊपणा.

आता एल-मिथिओनिन. इथे दुसरी पायरी ठीक आहे, कारण एल-कार्बामॉइलेज फक्त एल-रूपालाच हात लावतं. पण पहिल्या पायरीवर उपलब्ध असलेली हायडँटोइनेज मिथिओनिनच्या हायडँटोइनचं डी-रूपच आधी उघडायची. म्हणजे पहिलं एन्झाइम डीच्या बाजूचं आणि दुसरं एलच्या बाजूचं. परिणाम असा की मधल्या टप्प्यावर डी-कार्बामॉइल-मिथिओनिन साचत जातं. दुसरं एन्झाइम त्याला घेत नाही. पहिल्या पायरीची क्रिया उलटही फिरते, त्यामुळे तो माल कायमचा वाया जात नाही. पण उलट फिरून, कडं पुन्हा बंद होऊन, रेसमेजकडून रूप बदलून परत यायला वेळ लागतो. शिवाय मिथिओनिनच्या बाजूला बेंझिनचं कडं नसल्यामुळे आपोआप होणारी उलटापालट मंद, म्हणून इथे रेसमेज लागतंच.

पाषाण रस्ता कितीही रुंद केला तरी विद्यापीठ चौकातला सिग्नल सुटेपर्यंत गाड्या तिथेच उभ्या राहतात, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. तसंच हे.

एन्झाइम कसं बदललं

२००० मध्ये ऑलिव्हर मे, पीटर न्ग्युएन आणि फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून प्रसिद्ध केलेला पेपर या अडचणीवरचा आहे. हाच मी जर्नल क्लबमध्ये सांगितला होता. (अरनॉल्ड यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, तो एन्झाइमांच्या निर्देशित उत्क्रांतीसाठी.)

त्यांनी आर्थ्रोबॅक्टर या जिवाणूतलं हायडँटोइनेज घेतलं. ते डीच्या बाजूला झुकलेलं होतं, ईई सुमारे ४० टक्के. याची दिशा उलटवायची होती. पण कुठला अमिनो आम्ल-अवशेष बदलायचा, हे ठरवायला या एन्झाइमची त्रिमितीय रचना तेव्हा हाती नव्हती. म्हणून त्यांनी निसर्गाचीच पद्धत वापरली: जनुकात यादृच्छिक बदल करा, हजारो प्रकार बनवा, त्यातले चांगले निवडा, पुन्हा करा.

'हजारो' ऐकून दडपण येतं, म्हणून जरा हिशेब करू. समजा प्रथिन ४५० अमिनो आम्लांचं आहे. एकाच जागी एक बदल करायचा तर शक्यता ४५० गुणिले १९, म्हणजे ८,५५०. हे तपासता येईल इतकं आहे. पण एकाच वेळी दोन बदल करायचे म्हटलं तर शक्यता साडेतीन कोटींच्या वर जातात. म्हणूनच या क्षेत्रातली माणसं एका वेळी एक पाऊल टाकतात.

यात अजून एक मेख आहे. चुका करणाऱ्या पीसीआरमध्ये एका कोडॉनमधला बहुधा एकच न्यूक्लिओटाइड बदलतो. त्यामुळे एखाद्या जागी १९ पैकी सगळी अमिनो आम्लं येऊच शकत नाहीत, थोडीच येतात. म्हणून आधी यादृच्छिक बदलांतून 'ही जागा महत्त्वाची दिसते' एवढं कळून घ्यायचं आणि मग त्या एका जागी सगळीच्या सगळी २० अमिनो आम्लं बसवून बघायची. याला सॅच्युरेशन म्युटाजेनेसिस म्हणतात. एनएनके पद्धतीचा प्रायमर वापरला तर ३२ कोडॉन तयार होतात. ठरावीक कोडॉन किमान एकदा तपासला जाण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल तर सुमारे ९४ क्लोन तपासावे लागतात. म्हणजे ९६ खळग्यांची एक प्लेट! असे हिशेब इंटरव्ह्यूमध्ये कागदावर करून दाखवता आले तर समोरच्यांना कळतं की तुम्ही पद्धत नुसती पाठ केलेली नाही.

निवड कशी करायची? हायडँटोइनचं कडं उघडलं की कार्बॉक्सिलिक आम्ल गट तयार होतो, पीएच उतरतो. द्रावणात पीएच दाखवणारा रंग घातला की ज्या खळग्यात क्रिया वेगाने होते तिथला रंग आधी बदलतो. निवडक्षमता कळण्यासाठी वेगवेगळ्या रूपांवरचा वेग ताडून पाहावा लागतो. फक्त मिश्रणावर वेग तपासला तर फक्त वेगवान एन्झाइम हाती लागेल, मग ते कुठल्या का बाजूचं असेना. या क्षेत्रात जे तपासाल तेच मिळतं, त्याहून वेगळं काही नाही.

निकाल असा आला. एका जागेवरचा बदल (९५ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलानिन) एन्झाइमची पसंती डीकडून एलकडे वळवायला पुरेसा ठरला. आणि पुढच्या बदलांसह एकूण क्रियाशीलता पाचपट झाली. पण एलच्या बाजूची ईई होती सुमारे २० टक्के. इथेच मी नाक मुरडलं होतं.

२० टक्के का पुरले?

आता नीट बघू. ईई ४० टक्के डीच्या बाजूने, म्हणजे सुरुवातीला उघडलेल्या १०० कड्यांपैकी ७० डी आणि ३० एल. ईई २० टक्के एलच्या बाजूने, म्हणजे ६० एल आणि ४० डी. एन्झाइम 'शुद्ध' झालं नाही, पण दुसऱ्या एन्झाइमच्या तोंडात जाणारा घास ३० वरून ६० झाला, आणि वाट अडवणारा माल ७० वरून ४० वर आला. शिवाय पहिली पायरी पाचपट वेगाने चालू लागली. कडं परत बंद करणारी उलट क्रियाही तेच एन्झाइम करतं.

शुद्धतेची जबाबदारी या एन्झाइमवर नव्हतीच. ती एल-कार्बामॉइलेजवर होती, आणि ते आपलं काम चोख करत होतं. पहिल्या एन्झाइमने फक्त वाट अडवायची नव्हती.

म्हणून त्यांनी सुधारित हायडँटोइनेज, एल-कार्बामॉइलेज आणि रेसमेज या तिन्हींची जनुकं एकाच ई. कोलाय पेशीत घातली आणि अख्खी पेशीच उत्प्रेरक म्हणून वापरली. १०० मिलिमोलर डीएल हायडँटोइनपासून दोन तासांच्या आत ९१ मिलिमोलर एल-मिथिओनिन मिळालं. लिटरला साधारण साडेतेरा ग्रॅम. ९० टक्क्यांपेक्षा जास्त रूपांतर गाठतानाची उत्पादकता पाचपट झाली आणि नको असलेलं डी-कार्बामॉइल-मिथिओनिन साचण्याचं प्रमाण मूळच्या एक चतुर्थांशावर आलं.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. माझ्या हातात प्रिंटआउट होता, त्यात ते लिहिलेलंही होतं.

माझे आठ महिने

माझ्या कामातही दोन एन्झाइमांची साखळी आहे. (अमिनो आम्ल वेगळं आहे, ते काम अजून प्रसिद्ध व्हायचंय म्हणून नाव टाळते.) पहिल्या एन्झाइमची निवडक्षमता कमी आहे हे मला सुरुवातीलाच दिसलं आणि मी थेट म्युटंट बनवायला बसले. प्रायमर, पीसीआर, ट्रान्सफॉर्मेशन, प्लेटमागून प्लेट. निवडक्षमता खरंच वाढली. गाईडना ग्राफ दाखवला, त्या खूष झाल्या. मग दोन्ही एन्झाइम एका पेशीत घालून शेवटचं उत्पादन मोजलं. जवळजवळ होतं तेवढंच.

दोन आठवडे मी कायरल कॉलमलाच दोष देत होते. शेवटी एका ज्युनियरने सुचवलं, "ताई, बाहेरून दुसरं एन्झाइम जास्त घालून बघूया का?" घातलं. वेग लगेच वाढला. म्हणजे अडत होतं दुसऱ्या पायरीवर. जेल चालवल्यावर कारण दिसलं. दुसरं प्रथिन पेशीत भरपूर बनत होतं, पण बहुतेक सगळं न विरघळता पेलेटमध्ये जात होतं. इंडक्शनचं तापमान ३७ वरून १८ अंशांवर आणलं आणि उत्पादन वाढलं. त्यासाठी एकही म्युटंट लागला नाही.

ते म्युटंट उणे ८० च्या फ्रीझरमध्ये आहेत. कदाचित पुढे उपयोगी पडतील, कारण दुसरी पायरी मोकळी झाल्यावर आता अडचण पहिलीकडे सरकते आहे. पण क्रम उलटा झाला, आणि फेलोशिपचा काळ काही वाढवून मिळत नाही.

म्युटंट बनवण्याआधी करायच्या चार गोष्टी

एक, हिशेब जुळवा. सुरुवातीला टाकलेल्या प्रत्येक मिलिमोलचं काय झालं? किती कच्चा माल उरला, किती मधल्या टप्प्यावर साचलाय, किती शेवटी मिळाला? बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

दोन, साचतंय काय ते रूपासकट ओळखा. नुसतं 'कार्बामॉइल साचतंय' हे पुरेसं नाही. डी साचतंय की एल? एल साचत असेल तर दुसरं एन्झाइम मंद आहे. डी साचत असेल तर पहिलं चुकीच्या बाजूचं आहे. उपाय पूर्ण वेगळे.

तीन, एकेक एन्झाइम दुप्पट करून बघा. ज्याची मात्रा वाढवल्यावर एकूण वेग वाढतो, तिथे अडलंय. एका दिवसाचा प्रयोग आहे. मी आठ महिने केला नाही.

चार, काय कमी आहे ते शब्दांत लिहा. निवडक्षमता, वेग, उष्णता सहन करण्याची ताकद, विद्राव्यता, की पेशीत बनण्याचं प्रमाण? कानेकाच्या लोकांना टिकाऊपणा हवा होता, अरनॉल्ड यांच्या गटाला दिशा हवी होती, मला फक्त कमी तापमान हवं होतं. 'एन्झाइम चांगलं करायचं' या एका वाक्यात तिन्ही लपतात. म्हणून पीएचडीच्या प्रपोजलमध्ये ते वाक्य लिहू नका. त्याऐवजी लिहा की अमुक पायरीवर अमुक पदार्थ साचतो, कारण अमुक गुणधर्म कमी आहे, आणि तो असा तपासणार आहे.

शेवटी एक घरचा अभ्यास. समजा एखादं हायडँटोइनेज डीच्या बाजूला ६० टक्के ईईचं आहे. त्याने सुरुवातीला उघडलेल्या १०० कड्यांत डी किती आणि एल किती? आता पुढचं कार्बामॉइलेज एल आणि डी दोन्ही सारख्याच वेगाने घेणारं आहे असं धरा. मग हवं ते एल-अमिनो आम्ल शुद्ध मिळवण्यासाठी तुम्ही कोणतं एन्झाइम आधी बदलाल? आणि डी-रूप हवं असतं तर उत्तर तेच राहिलं असतं का? कागद घ्या आणि करून बघा. उत्तर 'पहिलं' किंवा 'दुसरं' एवढंच नको, कारणासकट हवं. इंटरव्ह्यूला कारणच विचारतात.